एकाच साच्यातल्या बोटी

पिकअपताई हे नाव तिला माझ्या दुकानात पडलं. एक गिऱ्हाईक घाईघाईने आत आलं आणि म्हणालं, "बाहेर ती पिकअप कुणाची उभी आहे? जरा ड्रायव्हरला सांगा बाजूला घ्यायला." ती समोरच स्टुलावर बसली होती, हातात कप. म्हणाली, "ड्रायव्हर चहा पितोय. संपला की सांगते त्याला." तो माणूस इतका ओशाळला की पुढच्या खेपेला "ती पिकअपवाली ताई नाही का आज?" असं विचारत आला. तेव्हापासून सगळ्या रस्त्यावर तेच नाव झालं.

माझं टायरचं दुकान रस्त्याच्या तोंडाशी आहे आणि तिच्या दादाचा बोटींचा कारखाना शेवटाला. कारखाना म्हणजे पत्र्याची उंच शेड. आत एक मोठा साचा, फायबरच्या चादरी, त्या चिकटवायच्या रेझिनची पिंपं. वारा आमच्या बाजूला फिरला की त्या रेझिनचा वास माझ्या जेवणाच्या डब्यात शिरायचा. बोट तयार झाली की ट्रेलरवर चढायची, ट्रेलर ताईच्या पिकअपच्या हुकाला लागायचा, आणि ती अकरा किलोमीटरवरच्या धक्क्यापर्यंत बोट नेऊन पोचवायची. त्यातले शेवटचे दोन किलोमीटर म्हणजे नुसता उतार आणि वळणं.

वय सेहेचाळीस. अंगाने एवढीशी. सीटवर दोन उशा घेतल्याशिवाय तिला बॉनेटच्या पुढचं दिसायचं नाही. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दादा एकोणीसचा. त्याने शिक्षण सोडलं, वडिलांची शेड चालवली, हिला शिकवलं, आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसला. गाडी चालवायलाही त्यानेच शिकवली, शेडमागच्या मोकळ्या जागेत, रिकाम्या पिंपांच्या मधून. तिचं लग्न झालं नाही की तिने केलं नाही, हे तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. घर शेडला लागूनच. वरच्या मजल्यावर ती आणि आई, खालच्या मजल्यावर दादा-वहिनी. दादाचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही.

गाडीच्या बाबतीत मात्र ती भलतीच काटेकोर. एकदा माझ्याकडे नवी पिकअप घेतलेला एक सुतार बसला होता. त्याने विचारलं, "ताई, तुमची किती ओढते हो? माझ्या कागदावर तीन टन लिहिलंय."

"कुठल्या कागदावर?"

"ते शोरूमचं रंगीत पत्रक असतं ना, त्यावर."

"ते पत्रक फाडून टाका," ती म्हणाली. "त्यांनी ते सगळ्यात हलक्या मॉडेलचं लिहिलेलं असतं. आत एकटा ड्रायव्हर, तोही उपाशी. तुमची चार दारांची आहे, मागे हत्यारांची पेटी आहे, शेजारी मेहुणे बसतात. ते सगळं त्या तीन टनांतून वजा करा. दार उघडलं की खांबावर एक पट्टी दिसेल. तिच्यावर गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन चालेल ते लिहिलंय. तो आकडा खरा."

"पण इंजिन तर जोरदार आहे."

"इंजिनाला कोण विचारतंय? ओढायला ते काहीही ओढेल. पण चासी पेलेल का? मागचा अॅक्सल, स्प्रिंगा, टायर पेलतील का? चढावर गिअरबॉक्सचं तेल जळेल का? आणि मुख्य म्हणजे, ओढलेलं थांबवणार कोण? या सगळ्यांत जो सगळ्यात कच्चा, तो ठरवतो गाडी किती ओढणार. बाकीचे कितीही पैलवान असले तरी त्यांना त्याचंच ऐकावं लागतं."

सुतार माझ्याकडे बघत म्हणाला, "आमच्या घरी असंच आहे. धाकट्याचं पोट दुखलं की सगळा प्रवास रद्द."

"मग तुम्हाला कळलं," ती म्हणाली.

तिच्या गाडीची ओढायची मर्यादा होती तेवीसशे किलो. बोट सोळाशे पन्नास आणि ट्रेलर साडेचारशे, म्हणजे एकवीसशे. वर दोनशे किलोची मोकळीक. ती गमतीने म्हणायची, "यात माझं वजन वाढायलाही जागा आहे." पहिल्या काही बोटी तिने मोठ्या वजनकाट्यावर नेऊन तोलल्या होत्या. मग दादा म्हणाला, "दर वेळी काट्यावर जायला आपण काय कोळसा विकतो? साचा एक, बोट एक, वजन एक." म्हणणं बरोबर होतं. तरी निघायच्या आधी ती एक गोष्ट करायचीच. शेडमध्ये मालाचा जुना काटा होता, त्यावर ट्रेलरच्या दांडीचं नाक टेकवायची. हुकावर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यायला हवा. दोनशे दहा दिसले की ती निघायची. नाक हलकं पडलं तर शेपूट जड होते आणि ट्रेलर रस्त्यावर डुलायला लागतो, हे तिने मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी ते झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

हे सगळं नीट चाललं होतं, ते दादाला मोठी ऑर्डर मिळेपर्यंत. धक्क्यावरच्या प्रवासी बोटींच्या मालकाला एकदम बऱ्याच बोटी हव्या होत्या. ऑर्डर आली तेव्हा दादाने अख्ख्या रस्त्याला चहा पाजला.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी ताईची गाडी कुरकुरायला लागली. आधी मागचे टायर. आठ महिने आरामात चालायचे ते साडेतीन महिन्यांत कडेने खाल्ले गेले. मग क्लच जळाला. तो बदलला तर गिअरबॉक्सच्या तेलाला करपल्याचा वास येऊ लागला. ट्रेलर डुलायला लागला. ती मला म्हणाली, "टायरवाले, सरळ रस्त्यावरसुद्धा मागून कुणीतरी पदर ओढल्यासारखं होतंय."

"काट्यावर नाक बघितलंत?"

"दोनशे दहा. दर वेळी दोनशे दहा."

मी टायर उलटसुलट करून बघितला आणि म्हणालो, "हवा कमी राहत असेल."

इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागेल, ते मी टाळणार नाही. त्याच्या दोन आठवडे आधी दादा एकटाच दुकानात आला होता. ट्रेलरला नवे टायर हवे होते, पण नेहमीचे नकोत, जास्त थरांचे, जड मालाच्या ट्रेलरला लावतात ते. मी म्हणालो, "दादा, एवढ्याशा वजनाला हे कशाला? हे साडेतीन टनांना घालतात."

"असू दे. टिकतील."

"बोटी जड झाल्या का?"

तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थोड्या. तिला बोलू नका मात्र. तिच्या डोक्यात एकदा किडा शिरला की ती रोज काट्यावर रांग लावेल. तुम्हाला माहीत आहे ना तिचा स्वभाव."

मला माहीत होता तिचा स्वभाव. मला दादाही माहीत होता. शेडमधल्या सगळ्या गाड्यांचे टायर माझ्याकडून जायचे. मी टायर चढवले, पावती फाडली आणि गप्प बसलो. त्याला मी तेव्हा दुसऱ्याच्या घरात नाक न खुपसणं म्हणत होतो.

क्लच दुसऱ्यांदा जळाला त्या दिवशी दादा शेडच्या दारात सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "अगं, अर्ध्या क्लचवर पाय ठेवून चालवतेस तू. वय झालं की पायाचा अंदाज जातो. मीच आता एखादा ड्रायव्हर बघू का?" आवाज मायेचा होता. कामगार खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला आलो, तर शेडमागच्या मोकळ्या जागेतून गाडीचा आवाज येत होता. थोडं पुढं होणं, थांबणं, पुन्हा पुढं होणं. जाऊन बघितलं. पंचवीस वर्षं गाडी चालवलेली बाई रिकामी पिंपं मांडून क्लच सोडायचा सराव करत होती. मला बघून ओशाळली. "बघते जरा, पाय खरंच चुकतोय का. दादा म्हणतोय म्हणजे काहीतरी असेल."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घ्यायला या."

ती सव्वा महिना रोज सकाळी तो सराव करत होती.

त्या ऑर्डरमधली सातवी बोट घेऊन ती निघाली तो दिवस कोरडा, स्वच्छ उन्हाचा होता. धक्क्याच्या उतारावर तिने नेहमीसारखा दुसरा गिअर टाकला. पहिल्या वळणाला मागून ढकलल्यासारखं झालं. दुसऱ्या वळणानंतर ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं आणि वास आला. तिसऱ्या वळणाला पेडल दाबलं तर गाडी थांबायचं नाव घेईना. खाली धक्का, धक्क्यावर तिकिटाच्या रांगेत उभी माणसं. चौथ्या वळणाच्या आत रस्ता दुरुस्तीचा खडीचा ढीग होता. तिने हॉर्नवर हात दाबून धरला आणि गाडी सरळ त्या ढिगात घातली.

गाडी खडीत अर्धी रुतली. ट्रेलर दुमडून बाजूला फेकला गेला आणि बोट रस्त्यावर आडवी पडून पोटातून फुटली. ताईचं गळ्याजवळचं हाड मोडलं, कपाळ फुटलं. दुसऱ्या कुणालाही खरचटलंसुद्धा नाही.

खालून धावत आलेल्या लोकांनी तिला बाहेर काढून कडेला बसवलं. कुणीतरी पाणी दिलं. ती म्हणे पाणी पीतच नव्हती. ती बोटीकडे बघत होती. बोटीच्या तळाला जिथे फायबरचं कवच आणि आत हवा असायला हवी, तिथून सिमेंटचे करडे ठोकळे बाहेर आले होते आणि त्यांच्यात लोखंडाचे तुकडे चमकत होते.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचा हात गळ्यात बांधला होता. तिने मला एकच विचारलं. "बोट ट्रेलरवर कुठे बांधली होती, बघितलंत का तुम्ही?"

"नाही."

"वीतभर मागे. गेले काही महिने दादा स्वतः बांधायचा. म्हणायचा, तुझ्या कमरेला त्रास नको." तिने मोकळ्या हाताने चादरीवर वीत मोजली. "बोट मागे सरकवली की नाकावरचं वजन कमी होतं. बोट जड करायची आणि तेवढीच मागे सरकवायची, म्हणजे काट्यावर दोनशे दहाच दिसणार. मी काट्यावर काय बघते हे त्याला माहीत होतं, टायरवाले. मीच त्याला शिकवलं होतं."

जास्त थरांच्या टायरांचं मी तिथेही काढलं नाही.

पुढे सगळं उलगडत गेलं. बोटींच्या मालकाची तक्रार होती की प्रवासी एका बाजूला उभे राहिले की बोट कलते. तळ जड केला की ती स्थिर राहते, म्हणून दादाने सिमेंट आणि भंगार लोखंड भरलं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने फुटलेली बोट ट्रेलरसकट काट्यावर चढवली. दोन हजार नऊशे साठ. एवढ्या वजनाला मोठा ट्रक लागतो, आणि तो दादाला बाहेरून आणावा लागला असता.

सर्व्हेअर चष्म्याआडून बघणारा, हळू बोलणारा माणूस होता. शेडच्या ऑफिसात त्याने सगळ्यांना बसवलं. ताई, दादा, वहिनी. ढिगातून गाडी मी ओढून आणली होती म्हणून मीही होतो. दादाने एक कागद पुढे केला. बोट ताब्यात दिल्याची पावती. त्यावर वजन लिहिलं होतं, दोन हजार पाचशे दहा, आणि खाली ताईची सही.

"मी बहिणीला वजन सांगितलं होतं," दादा म्हणाला. "काट्यावर जाऊन ये म्हणालो. ती म्हणाली, मला गाडी कळते."

ताईने कागद हातात घेतला. सही तिचीच होती. पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पानांवर ती एकदमच सह्या करून ठेवायची, म्हणजे दर वेळी दादाला तिची वाट बघायला नको.

"दादा," ती म्हणाली, "हे कधी लिहिलं?"

तो तिच्याकडे न बघता सर्व्हेअरकडे बघत होता. "हे बघा साहेब, घरचीच आहे. तिला काही होऊ नये असंच मला वाटतं. पण खरं ते खरं."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा."

वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मला त्यातलं काय कळतंय," ती म्हणाली. पावतीवरचं अक्षर वहिनीचं होतं. ते आम्ही सगळेच ओळखत होतो.

ताई उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "सव्वा महिना, दादा. सव्वा महिना मी पिंपं मांडत होते. तू खिडकीतून बघायचास." मग ती जिना चढून गेली.

दादा तिच्यामागे जिन्यापर्यंत गेला. खालून ओरडला, "ट्रक लावला असता तर तुझंच काम गेलं असतं! तुझ्यासाठीच केलं मी!"

त्या संध्याकाळी मी पावत्यांचं पुस्तक घेऊन तिच्याकडे गेलो. जास्त थरांच्या टायरांची पावती दाखवली, तारखेसकट, आणि दादा काय बोलला होता ते सगळं सांगितलं. उद्या सर्व्हेअरला हे देतो, म्हणालो. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल.

तिने तारीख वाचली. बोटांवर महिने मोजले. "म्हणजे मी तुम्हाला विचारलं, ट्रेलर डुलतोय म्हणून, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"अंदाज होता."

"तुम्ही म्हणालात, हवा कमी असेल."

मी पावत्यांचं पुस्तक मिटलं.

"दादाचं मी समजू शकते," ती म्हणाली. "त्याचा धंदा होता, लोभ होता. तुमचं काय होतं, टायरवाले?"

चार टायरांचं गिऱ्हाईक, हे उत्तर तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

पलीकडच्या खोलीतून आई आली. भिंतीला धरून, सावकाश. मला वाटलं लेकीला जवळ घेईल. आई म्हणाली, "घरातलं घरात ठेवायचं होतंस गं. बाहेरच्यांना कशाला बोलावलंस? त्याने तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं." ताईने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत जाऊन कपाटातले कपडे काढायला लागली. एका हाताने, कारण दुसरा बांधलेला होता. मी मदत करू का विचारलं. ती म्हणाली, "नको."

मी सर्व्हेअरला जबाब दिला. एका कामगारानेही धीर करून सांगितलं की बोट मागे बांधायचा हुकूम दादाचा होता. ताईवरचा ठपका गेला, लायसन्स राहिलं. गाडीची भरपाई मात्र मिळाली नाही. मर्यादेपेक्षा जास्त ओढलं म्हणजे नियम मोडला, मग ते कुणालाही माहीत असो वा नसो, असं कंपनीचं म्हणणं. दादावर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. ऑर्डर गेली. शेड चालू आहे, पण साचा बऱ्याचदा रिकामा असतो. दादा आजही म्हणतो की बहिणीने त्याला बुडवलं, आणि असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी येतं. ते पाणी खोटं नसतं, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

ताईने गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. आईला दर रविवारी फोन करते. आई फोन घेते, बोलते कमी. काही महिने तिने रोपवाटिकेत हिशेबाचं काम केलं, मग तिथल्याच मालकाची जुनी, छोटी पिकअप चालवायला घेतली. मागे रोपांचा हलका ट्रेलर. ऐकतो की ती प्रत्येक खेपेला मोठ्या काट्यावर जाते आणि आपल्या हाताने चिठ्ठी फाडून घेते. रोपवाटिकेतले लोक हसतात. म्हणतात, "ताई, गुलाबं आहेत ती." ती म्हणते, "ओल्या मातीतली आहेत." सही मात्र ती सगळं वाचून झाल्याशिवाय करत नाही, मग समोरचा कितीही घाईत असो.

टायर ती दुसरीकडून घेते.

गेल्या महिन्यात तिची गाडी नेमकी माझ्या दुकानासमोर बसली. मागचं उजवं चाक. मी जॅक घेऊन रस्ता ओलांडला. तोवर तिने स्वतःचा जॅक लावला होता. मी तिथेच उभा राहिलो. तिने नट सैल केले, चाक उतरवलं, दुसरं चढवलं, नट आळीपाळीने घट्ट केले. मला हात लावायची संधी तिने दिली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. केस बरेच पांढरे झालेत.

शेवटी म्हणाली, "हवा तपासता का?"

मी धावत जाऊन नळी आणली. चारही चाकं तपासली, ट्रेलरचीही. ती गेजवरचा आकडा माझ्या खांद्यावरून स्वतः वाचत होती, प्रत्येक चाकाचा. मला त्याचा राग आला नाही.

हवेचे पैसे मी कुणाकडूनच घेत नाही. तिने एक नाणं काढून दुकानाच्या फळीवर ठेवलं.

"ताई, राहू द्या हो."

"नको," ती म्हणाली, "घ्या." मग दोन उशांवर नीट बसली, आरशात मागचा ट्रेलर बघितला, आणि इतक्या अलगद क्लच सोडून निघाली की मागच्या रोपांचं पानसुद्धा हललं नाही.